पाताळात रोवलेली मेढ

लग्न ठरले की आपल्याकडे पहिली गडबड होते ती मांडवाची, आणि मांडवात पहिला मान असतो तो मेढीचा. पत्रिका छापायच्या राहिल्या तरी चालते, सोनाराकडचे दागिने यायचे राहिले तरी चालते. पण मुहूर्तमेढ रोवल्यावाचून घरात कार्य निघाले असे कोणी मानत नाही. गंमत अशी की, शाळा काढली, वाचनालय काढले, मासिक काढले, तरी त्याचीही आपण ‘मुहूर्तमेढ रोवली’ असेच म्हणतो. आरंभाला हा शब्द योजणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कळस नव्हता, तोरणही नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे होते ते खड्डा खणून त्यात उभे केलेले एक साधे लाकूड.

ज्याने स्वतःच्या हाताने मेढ रोवली आहे त्याला तीन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. खड्डा उथळ राहिला तर मेढ हलते, ही पहिली. जमीन रेताड किंवा ओली असली तर खणता खणता कडा आत ढासळतात आणि खड्डा पुन्हा भरून जातो, ही दुसरी. आणि तळाशी भुसभुशीत माती तशीच राहू दिली, तर मेढ उभी राहिलेली दिसते खरी, पण वर भार आला की खचते, ही तिसरी. मोठमोठ्या पुलांच्या पायाचे जे शास्त्र आज जगभर चालते, त्याची निम्मीअधिक बाराखडी या तीन गोष्टींत आली आहे, असे म्हटले तर इंजिनिअर मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे. मी स्वतः इंजिनिअर नव्हे. शाळेत मुले शिकवतो, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे. परंतु आमच्या तलासरी-डहाणूच्या मुलखात अलीकडे जमिनीला जी प्रचंड भोके पाडली जात आहेत, ती पाहून या विद्येचा मागचा इतिहास शोधण्याचा नाद मला लागला. तो शोध मला शेवटी आमच्याच किनाऱ्यावर घेऊन आला.

ही भोके आहेत मुंबई-अहमदाबाद या नव्या वेगवान रेल्वेमार्गाची. ५०८ किलोमीटरच्या या मार्गापैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. ठाण्याजवळच्या शिळफाट्यापासून महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरील झरोली गावापर्यंतचा १३५ किलोमीटरचा तुकडा वसई, पालघर, डहाणू करीत आमच्या तलासरी तालुक्यातून पुढे जातो. हा रस्ता बहुतेक ठिकाणी जमिनीवरून न जाता उंच खांबांवरून जातो. जितका खांब वर दिसतो, त्याला साजेसे काहीतरी खाली असावे लागते. त्या खालच्या खांबांना कामावरची माणसे ‘पाइल’ म्हणतात.

आमच्या गावाकडे यंत्राने जमीन भोसकणे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर पाडणारी यंत्रे महाराष्ट्रभर फिरली, आणि तेव्हापासून ‘बोअर’ हा शब्द पाड्यापाड्यावर रुळला. त्यामुळे पाइलचे यंत्र पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला उभे राहिले तेव्हा शेजारच्या पाड्यावरचे एक म्हातारे बाबा बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, “गुरुजी, पाणी लागलं का?”

“पाणी नको आहे त्यांना, बाबा. दगड हवा आहे.”

“दगड?” बाबा हसायलाच लागले. “तो तर आमच्या वावरात वरच पडलाय!”

बाबांचे म्हणणे वरवर खोटे नव्हते. आमच्याकडे लाल मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पण मुरूम म्हणजे कुजलेला दगड. तो कुठे हातभर असतो, तर कुठे पुरुषभराहून खोल. आणि किनाऱ्याकडे, खाडीकडे गेले की वर नुसता चिखल आणि वाळू, दगड कुठे तरी दूर खाली. ज्याच्यावर घर बांधायचे त्याला वरचा दगड पुरतो. ज्याच्यावरून आगगाडी न्यायची त्याला खालचा, सलग, न हलणारा दगड गाठावा लागतो. जिथे तो फार खोल असतो तिथे काय करायचे, या प्रश्नातून पाइलचा जन्म झाला.

पाइल दोन रीतींनी भार पेलतो. एक म्हणजे, त्याचे टोक खाली कठीण दगडावर टेकते; उखळाच्या तळाशी टेकलेले मुसळच म्हणा ना. दुसरी रीत अधिक मौजेची आहे. ओल्या चिखलात काठी खोल खुपसा आणि मग ती उपटायला जा. चिखल तिला चहूबाजूंनी धरून ठेवतो. तीच पकड खाली जाण्यालाही विरोध करते. इटलीतले व्हेनिस शहर अशाच रीतीने पाणथळ गाळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहे. १५९१ साली पुऱ्या झालेल्या तिथल्या रिआल्टो पुलाखाली सुमारे १२ हजार लाकडे ठोकली असल्याचे सांगतात. गाळात हवा पोचत नाही म्हणून ती लवकर कुजत नाहीत. पण लाकूड ठोकायचे म्हणजे त्याच्या डोक्यावर जड घण आदळायचा, आणि घणाने जितके खाली जाईल तितकेच ते जाणार.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे शाळेतला पोरही सांगतो. बोरघाटाची गोष्टही आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण मुंबईहून उत्तरेकडे गुजरातेत जाणाऱ्या मार्गाची गोष्ट त्या मानाने कोणी सांगत नाही, कारण तिथे घाट नाही, बोगद्यांचा थरार नाही, सगळा सपाट मुलूख. १८५५ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांची ‘बी. बी. सी. आय.’, ही कंपनी स्थापन झाली. तिच्यापुढचा शत्रू डोंगर नव्हता, पाणी होते. वसईची खाडी, वैतरणा, दमणगंगा, तापी, नर्मदा, आणि मधल्या असंख्य लहान खाड्या. या सगळ्या समुद्राला मिळण्याच्या बेतात असतानाच मार्ग त्यांना आडवा जात होता. दर दिवशी दोनदा भरती, दोनदा ओहोटी, खाली चिखल आणि वाळू, आणि वर्षातले चार महिने पावसाळा. कंपनीने १८६० साली पहिला तुकडा सुरू केला तोही अंकलेश्वर ते उत्राण, म्हणजे नर्मदा आणि तापी यांच्या बरोबर मधला. दोन नद्यांच्या मध्ये रूळ घालणे सोपे होते. नद्या ओलांडणे हे खरे काम.

नदीत पाया घालण्याची एक विद्या आपल्याकडे पूर्वापार होती. लाकडी चाकावर विटांची गोल विहीर रचायची, आत माणसे उतरवून तिच्या तळची वाळू उपसायची. वाळू निघेल तशी विहीर स्वतःच्या वजनाने खाली खाली बसत जाते. पाणी आले की पाणबुडे बुडी मारून ‘झाम’ नावाच्या मोठ्या फावड्याने खालची वाळू ओढून काढीत. इंग्रज इंजिनिअरांनी ही विद्या आपल्या लोकांकडूनच घेतली. १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्याचा रुडकीजवळचा सोलाणी नदीवरचा प्रचंड जलसेतू अशाच उतरवलेल्या पायांवर उभा आहे. पण या कामाला वेळ लागतो, आणि भरती-ओहोटीच्या चिखलात तर फारच. कंपनीला घाई होती. तेव्हा एका आंधळ्या माणसाची युक्ती तिच्या कामाला आली.

या गृहस्थाचे नाव अलेक्झांडर मिचेल. १७८० साली डब्लिनला जन्म, आयुष्य बेलफास्टला गेले. विशी ओलांडते न ओलांडते तोच त्याची दृष्टी पूर्ण गेली. पुढे त्याने विटांचा धंदा केला आणि डोळ्यांवाचून जगाची रचना हाताने समजून घेतली. १८३३ साली त्याने ज्या शोधाचे पेटंट घेतले तो ऐकायला अगदी साधा आहे: लोखंडी खांबाच्या टोकाला स्क्रूसारखे रुंद पाते बसवायचे, आणि खांब ठोकण्याऐवजी पिळून जमिनीत उतरवायचा. सुतार लाकडात स्क्रू बसवतो तसाच. खड्डा नाही, म्हणून कडा ढासळण्याची भीती नाही. उपसा नाही, म्हणून तळाशी भुसभुशीत माती राहण्याची भीती नाही. शिवाय रुंद पाते खाली पसरून बसल्यामुळे चिखलातसुद्धा खांबाला टेकायला पाट मिळतो. मांडवाच्या मेढीच्या तीन अडचणींपैकी दोन या युक्तीने एकदम मिटवल्या.

१८३८ साली थेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिन नावाच्या हलत्या वाळूत मिचेलच्या खांबांवर दीपगृहाचा पाया घातला गेला. फ्लीटवुडजवळचे त्याचे दुसरे दीपगृह १८४० साली उजळले. ज्याला उजेड दिसत नव्हता त्याच्या खांबांवर दर्यावर्दी लोकांचे दिवे लागले. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता, तर संपादकांनी ‘जरा अतीच होते’ म्हणून काढून टाकला असता. पण मला त्यात नुसता चमत्कार दिसत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे हे डोळस माणसालाही दिसत नाहीच. पिळताना हाताला किती जोर लागतो, आता सैल जाते की घट्ट, एवढ्यावरूनच तिथले काही कळायचे. त्या अंधारात आंधळा आणि डोळस सारखेच, आणि ज्याच्या हाताला सवय तो पुढे.

बी. बी. सी. आय. चा सल्लागार इंजिनिअर कर्नल जॉन पिट केनेडी हाही आयर्लंडचाच. तो मोठा व्यवहारी माणूस होता. प्रत्येक नदीसाठी निराळा पूल आखण्याऐवजी त्याने सुमारे ६० फुटांचा एकच गाळा ठरवला, आणि वसईपासून नर्मदेपर्यंत तोच गाळा पुन्हा पुन्हा वापरला. वर त्रिकोणी जोडणीच्या लोखंडी तुळया, खाली मिचेलचे बिडाचे पोकळ स्क्रूखांब. सगळे सामान विलायतेत ओतायचे, जहाजात घालायचे आणि इथे आणून जोडायचे. सुएझचा कालवा १८६९ सालचा. तेव्हा आमच्या वैतरणेत उतरलेला खांब त्याआधी साऱ्या आफ्रिकेला वळसा घालून आलेला होता. एक तुकडा बिघडला तर दुसऱ्या पुलाचा तुकडा तिथे बसावा, अशी त्यात सोय होती.

खांब विलायतेचे, पण ते जमिनीत पिळले कोणी? त्या काळच्या इंजिनिअरीच्या पुस्तकांत या मार्गावरील खांबांचे जे वर्णन दिले आहे ते वाचून मी थक्क झालो. खांबाची जाडी अडीच फूट, त्याच्या टोकाच्या स्क्रूचा व्यास साडेचार फूट. असा खांब २० पासून ४५ फुटांपर्यंत खाली उतरवायचा. त्यासाठी खांबाच्या माथ्याला चाळीस चाळीस फूट लांबीचे चार दांडे आडवे बसवीत, आणि प्रत्येक दांड्याला आठ बैल जुंपीत. म्हणजे एका खांबाला बत्तीस बैल!

वर्गात मी मुलांना हे गणित घातले. चाळीस फुटांच्या दांड्याच्या टोकाशी चालणाऱ्या बैलाला एका फेऱ्यात किती चालावे लागेल? बावीस सप्तमांशाने गुणून मुलांनी उत्तर काढले: सुमारे अडीचशे फूट. अडीचशे फूट चालावे, तेव्हा खांब स्क्रूच्या एका आट्याइतका खाली जावा. तोही जमीन राजी असेल तर. तेलाच्या घाण्याला एक बैल फिरतो. इथे बत्तीस बैलांचा घाणा, आणि त्यातून निघायचे तेल म्हणजे आगगाडीचा पूल. बैलांमागे माणसे असणारच. हाकणारी, दांडे बांधणारी, बैल अडले की जमिनीने काय सांगितले ते आधी ओळखणारी. बैल एका जागी थबकला, सगळ्या दांड्यांवर एकदम ताण आला, की कठीण थर लागला. इंजिनिअरच्या वहीत तो आकडा म्हणून उतरला असेल. पण पहिल्यांदा तो बैलाच्या खांद्याला आणि हाकणाऱ्याच्या हाताला कळला.

२८ नोव्हेंबर १८६४ रोजी हा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. वसई, पालघर, डहाणूच्या रानातून आगगाडी धावू लागली. केनेडीचे नाव इतिहासात राहिले, मिचेलचेही राहिले, आणि ते राहायलाच हवे. त्या हाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला कुठल्या पुस्तकात आढळले नाही.

पण पाण्याचा शेवटचा शब्द अजून बाकी होता. नर्मदेवरचा हा स्क्रूखांबांचा पूल पुरांनी वारंवार मोडला. खांब कमकुवत होते म्हणून नव्हे. पुराचे पाणी जेव्हा खांबाला अडते तेव्हा ते त्याच्या बुडाशी भोवरा घालते आणि तिथली वाळू उचलून नेते. समुद्राच्या काठी उभे राहून लाट मागे जाताना टाचेखालची वाळू सरकते, हा अनुभव तुम्ही डहाणूच्या किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर घेतलाच असेल. तसेच हे. कोरड्या दिवसांत ज्या वाळूने खांबाला घट्ट धरले होते, तीच वाळू पुरात तिथे नसते. मग खांब कितीही पक्का असला तरी तो धरणार कोणाला? कंपनीने शेवटी १८७७ ते १८८१ या काळात भरूचला निराळा पूल बांधला. पैसा इतका ओतावा लागला की लोक त्याला ‘सोनेरी पूल’ म्हणू लागले. नर्मदेने शिकवलेला धडा असा की, खांब उतरवताना जमिनीने दिलेले उत्तर कायमचे नसते. नदी ते बदलू शकते.

आणि नदीच बदलते असेही नाही. वैतरणा आणि सफाळे या स्टेशनांच्या दरम्यान आगगाडी वैतरणेचे दोन प्रवाह ओलांडते. मधल्या वाढीव-वैतीपाड्याच्या बेटावरची माणसे वर्षानुवर्षे जीव मुठीत धरून या रेल्वेपुलांवरून चालत स्टेशन गाठत आली. त्याच पुलांच्या आसपास ड्रेजर लावून वाळू उपसली जाऊ लागली, तेव्हा पायांना धोका आहे म्हणून रेल्वेला ओरड करावी लागली आणि जिल्हा प्रशासनाला तिथल्या उपशावर बंदी घालावी लागली. नर्मदेच्या पुराने जे केले तेच इथे आपण माणसे पैशासाठी करीत होतो. वरून पूल जसाच्या तसा दिसतो, गाडीही जाते. खांबाच्या बुडाशी काय उरले ते गाडीतल्या उतारूला कसे कळावे?

स्क्रूखांबाला आणखी एक मर्यादा होती. तो चिखलात आणि वाळूत जातो, पाषाणात जात नाही. जिथे दगडात पाय रोवायचा तिथे पुन्हा खड्ड्याकडेच यावे लागले, आणि खड्डा म्हटला की त्या जुन्या अडचणी पुन्हा दारात उभ्या. त्यांतली दुसरी, म्हणजे ढासळणाऱ्या कडांची, मिटली ती मातीनेच. बेंटोनाइट नावाची एक चिकण माती असते. आपल्याकडे ती कच्छात भरपूर सापडते. पाण्यात कालवली की ती फुगते आणि ताकासारखे दाट पाणी तयार होते. भोक खणत असताना ते या गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेले ठेवायचे. त्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा वर राहिली की ते आतून कडांना रेटून धरते, आणि कडांवर सायीसारखा पातळ थर बसून पाणी आत-बाहेर जाणे थांबते. माती खाली पडू नये म्हणून मातीचाच आधार! दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या इंजिनिअरांनी ही रीत पायाच्या कामात रुळवली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडे पाइलच्या पायांची भारतीय मानके १९६४ साली पहिल्यांदा निघाली.

आपल्या देशात हे काम कित्येक वर्षे तिपाई आणि विंच यांवर चालले. तीन पायांच्या उंच घोड्यावरून तारेला जड लोखंडी छिन्नी टांगायची. ती उचलायची आणि सोडायची, उचलायची आणि सोडायची. दगडाचा चुरा होतो, पंपाने खाली सोडलेले बेंटोनाइटचे पाणी तो चुरा वर घेऊन येते. मुंबईत ज्यांचे बालपण गेले त्यांना शेजारच्या इमारतीच्या पायातून रात्रंदिवस येणारा तो ‘धप्प, धप्प’ आवाज आठवत असेल. एखाद्या कठीण थरात दिवसभराच्या आदळआपटीने वीतभरसुद्धा प्रगती होत नसे. पुढे फिरत्या यंत्रांचे दिवस आले. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पायासाठी समुद्राखालच्या दगडात ६०४ पाइल उतरवले गेले. त्यांची लांबी कुठे ६ मीटर, तर कुठे ३४ मीटर. एकाच पुलाखाली एवढा फरक! जमीन सगळीकडे एकच उत्तर देत नाही, याचा याहून चांगला पुरावा मी वर्गात देऊ शकत नाही.

आमच्या मुलांना घेऊन मी कुंपणाबाहेरून हे यंत्र पाहिले आहे. त्याला ‘रिग’ म्हणतात. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे यंत्र, त्यावर उंच डोलकाठी, आणि तिच्यातून खाली उतरणारा ‘केली’ नावाचा दांडा. जुन्या दुर्बिणीची नळी जशी एकातून एक बाहेर निघते तसा तो लांब होत जातो. त्याच्या टोकाला दातांची बादली. बादली गोल फिरते, माती भरून वर येते, बाजूला रिकामी होते, पुन्हा खाली जाते. वरच्या सैल मातीसाठी तोंडाशी लोखंडी नळ बसवलेला असतो, त्याला केसिंग म्हणतात. दगड लागला की बादली काढून दगड कातणारे हत्यार लावतात. बत्तीस बैलांचा जोर आता एका माणसाच्या बोटाखालच्या दांडीत आला आहे. पण तो माणूसही समोरच्या काट्याकडे डोळे लावून बसलेला असतो: दाब किती चढला, फिरणे किती मंदावले. बैलांचा खांदा गेला आणि काटा आला, विचारणे तेच.

किंबहुना यंत्र येण्याआधीच विचारणे सुरू होते. पाइल पाडण्यापूर्वी लहान भोक घेऊन तळाशी एक नळी ठेवतात आणि तिच्यावर साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा सोडतात. नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजायचे. चिखलात दोन-चार घाव, घट्ट मुरमात पन्नासाहून अधिक. पहारीने जमीन चाचपणाऱ्या आपल्या शेतकऱ्याची रीत हीच. फक्त घाव मोजून वहीत लिहिलेले.

भोक हव्या त्या थरापर्यंत पोचले की तिसरी अडचण उरते, तळाच्या भुसभुशीत गाळाची. तो धुऊन काढल्याशिवाय पुढे जायचे नसते. मग सळयांचा गोल पिंजरा आत सोडतात, आणि एका लांब नळीतून काँक्रीट थेट तळाशी ओततात. नळीचे तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवायचे. काँक्रीट खालून वर चढते आणि गढूळ पाण्याला आपल्या डोक्यावरून वर ढकलत बाहेर काढते. नळी चुकून वर ओढली गेली तर पाइलच्या मध्येच चिखलाचा थर अडकतो आणि खांब आतून तुटलेला राहतो. म्हणून काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याच्या डोक्यावर हलकी हातोडी मारून आतून येणारा प्रतिध्वनी यंत्राने ऐकतात; आपण मडके घेताना टिचकी मारून ऐकतो ना, तसा. आणि काही पाइलांवर मुद्दाम भार ठेवून पाहतात. कामाला न घेतलेल्या, केवळ परीक्षेसाठी घातलेल्या पाइलवर ठरल्या भाराच्या अडीच पट, कामाच्या पाइलवर दीड पट. माझ्या शाळेत मुलांची परीक्षा मी इतकी कडक घेतली तर पालक शाळेत येऊन बसतील!

आमच्या मुलखात मात्र या कडक परीक्षेची कोणी थट्टा करू नये, याला कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली. एक-दोनदा नव्हे, लहानमोठे धक्के महिनोन्महिने चालू राहिले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता ४ च्या थोडी वर होती. भिंतींना तडे गेले, माणसे थंडीत अंगणात निजली, आणि मुलांना वर्गाबाहेर झाडाखाली बसवून शिकवावे लागले. खडूचा फळा झाडाला टेकवून मीही शिकवले आहे. त्या दिवसांत एक मुलगी मला म्हणाली, “गुरुजी, जमीन रागावली का?” मी तिला पृथ्वीच्या कवचाची आकृती काढून दाखवली, पण तिचा प्रश्न आकृतीने संपण्यासारखा नव्हता. जुनी कुडाची घरे, ज्यांच्या मेढी जमिनीत रोवलेल्या असतात आणि भिंती कारवीच्या, ती हलतात आणि पुन्हा जागेवर येतात. जोडणी नीट नसलेली विटांची भिंत मात्र चिरते.

नव्या मार्गासाठी भूकंप आधी ओळखणारी २८ यंत्रे ठरवली आहेत. त्यांपैकी २२ मार्गाच्या कडेने आणि ६ खेड, रत्नागिरी, लातूर अशा दूरच्या ठिकाणी. जमिनीची पहिली हलकी कापरी कळताच गाडी थांबवण्याची ती व्यवस्था आहे. म्हणजे पाइल पुरून झाला तरी जमिनीला विचारणे संपले नाही. आता ते रात्रंदिवस चालणार.

मग जमिनीवर राहणाऱ्यांना विचारायचे काय? आमचा तालुका आदिवासींचा. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला. १९९६ च्या कायद्याने इथल्या ग्रामसभेला जमिनीच्या बाबतीत विचारले जाण्याचा हक्क दिलेला आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठबिगार नाकारली, त्या मुलखात हा हक्क कागदावरचा समजून चालत नाही. या मार्गाच्या वेळी इथल्या अनेक गावांनी विरोध केला, सभा झाल्या, बोलणी अडली, पुढे जमिनी गेल्या आणि मोबदलेही मिळाले. कोणाला ते पुरेसे वाटले, कोणाला नाही. साडेत्रेसष्ट किलोच्या घणाचा प्रत्येक घाव मोजणारे शास्त्र ज्या शेतात उभे आहे, त्या शेताच्या धन्याचा शब्दही तितक्याच काळजीने मोजला जावा, एवढी अपेक्षा काही फार नाही. नर्मदेचा अनुभव हाच आहे: जे उत्तर घाईत गृहीत धरले, ते पुढे पुराबरोबर परत आले.

एक गोष्ट मात्र आता बरी झाली आहे. प्रत्येक पाइलची एक नोंद ठेवतात. किती वाजता भोक सुरू झाले, कितव्या मीटरला माती संपली, कितव्याला मुरूम, कितव्याला पाषाण, काँक्रीट किती गेले, सगळे लिहिलेले. त्या पानावर आणखी एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? यंत्र चालवणाऱ्याचे नाव, पिंजरा बांधणाऱ्यांची नावे, आणि ज्या शेतात हा खांब उतरला त्या कुटुंबाचे नाव. बैल हाकणाऱ्यांची नावे १८६४ साली कोणी लिहिली नाहीत. तेवढी चूक दुसऱ्यांदा करण्याचे कारण नाही.

वैतरणेवर आता नव्या मार्गाचा २.२८ किलोमीटर लांबीचा पूल होणार आहे. त्या साऱ्या मार्गावरचा नदीवरचा तो सर्वांत लांब पूल. दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण मुलाबाळांना घेऊन या जुन्या मार्गाने डहाणूला, सुरतेला, मामाच्या गावाला जातील. वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो. मुले खिडकीशी धाव घेतात आणि ‘केवढं पाणी!’ म्हणून ओरडतात. त्या वेळी त्यांना बत्तीस बैलांचे ते गणित घाला. पूल संपायच्या आत उत्तर आले तर एक करंजी जास्त द्या.